उष्टा ट्यूबा

सवाई गंधर्व महोत्सवात मी कितीतरी वर्षं भारतीय बैठकीत पुढे बसून मान डोलावली आहे. समेवर माझा हात नेमका पडतो, 'क्या बात है' ठरल्या जागी निघतं, आणि मध्यंतरात चहाच्या रांगेत 'आज निषाद जरा चढा लागत होता' एवढं मागच्यापुढच्यांना ऐकवलं की पुढचे तीन दिवस दबदबा टिकतो. असा माणूस अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कॉम्प्युटर खात्यात नोकरीला लागतो, कर्मचाऱ्यांना दर सत्रात एक विषय फुकट शिकता येतो हे त्याला कळतं, आणि यादीत वाद्याची वैयक्तिक शिकवणी दिसते. तो चेलोसाठी नाव घालतो. चेलो धरला की चेहऱ्यावर आपोआप दुःख उमटतं, आणि दुःख मला शोभतं असं माझं जुनं मत आहे.

चेलोच्या मास्तरांकडे जागा नव्हती. व्हायोलिनकडे नव्हती. पियानोचं नाव काढल्यावर कचेरीतल्या बाई नुसत्या हसल्या. मग म्हणाल्या, 'लो ब्रासकडे आहे. तिथे असतेच.' लो ब्रास म्हणजे पितळी वाद्यांतली खर्जातली भावंडं: ट्रॉम्बोन, युफोनियम आणि ट्यूबा. आमच्याकडे तिघांना मिळून एकच मास्तर, वयाने माझ्या धाकट्या मावसभावाएवढे. ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीवर मींड निघते, म्हणून मी तिकडे हात नेला. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पोटापाशी क्षणभर थांबले आणि ट्यूबा पुढे केला. मित्रमंडळींना मी सांगतो की ट्यूबा मी निवडला.

वाद्यांच्या कुळात हे तसं शेंडेफळ. लष्करी बँडचे प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्ट आणि वाद्यं घडवणारे मोरिट्झ यांनी १८३५ साली बर्लिनमध्ये त्याचं पेटंट घेतलं. माझ्या ट्यूबाची वेटोळी उलगडली तर नळी साडेपाच मीटरच्या आसपास भरेल. गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला की माणूस बसलाय असं समजून गाडी कोकलायला लागते, म्हणून त्याला पट्टा बांधावा लागतो.

शिकवणी आठवड्यातून अर्धा तास. पहिल्याच तासाला मास्तरांनी वाद्य बाजूला ठेवायला लावलं. म्हणाले, 'आधी गा.' समोरचं पुस्तक मार्को बोर्दोन्यी नावाच्या इटालियन गवयाच्या स्वरपाठांचं. तो पॅरिसला गाणं शिकवायचा. बॉस्टन सिम्फनीतले ट्रॉम्बोनवादक जोआनेस रोशू यांनी १९२८ साली गळ्याचे ते धडे पितळेसाठी उतरवले, आणि खर्जातली सगळी मंडळी आजही ते घोकतात. गाणं म्हटल्यावर मी फुललो. डोळे मिटले, मनात तानपुरा धरला आणि सा लावला. मास्तरांनी पियानोची एक पट्टी दाबली. 'हा सूर.' मी समजावलं, आमच्याकडे आपला सा आपण ठरवतो. 'इथे पियानो ठरवतो,' ते म्हणाले. मग मी तो सूर गाठला, पण वाटेत एक मुरकी घेऊन. 'सुंदर! आता यातला एकच सूर गा.' तो एकच सूर काही केल्या पियानोशी जुळेना. निषादाचं ते वाक्य मी हल्ली वापरत नाही.

श्वासाच्या बाबतीत मात्र माझा तोरा शाबूत होता. प्राणायाम आमच्या घरचा. मी नाकाने दीर्घ पूरक केला, कुंभक धरला आणि मास्तर कधी थक्क होतात याची वाट पाहत राहिलो. तेही पाहत राहिले. शेवटी म्हणाले, 'हवा सोडायची असते.' ट्यूबाला कोंडलेली हवा चालत नाही. तोंड वासून भसकन घ्यायची आणि घेतली की उधळायची. शिकागो सिम्फनीत १९४४ पासून १९८८ पर्यंत ट्यूबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्स हे या पंथाचे आदिगुरू. त्यांना दमा होता, फुफ्फुसं बेताची होती, आणि जगभरचे वादक त्यांच्याकडे श्वास घ्यायला शिकायला यायचे. आमच्या कोकणस्थी घरात उधळायची गोष्ट एकच, गुलाल, आणि तोही पुडी बघून.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे पाण्याकडे वळतो. थोडा वेळ वाजवलं की ट्यूबाच्या पोटात गुडगुड सुरू होते. मग खालचा चाप दाबून फुंकायचं, नळ्यांचे तुकडे ओढून काढायचे, अख्खं धूड गोल फिरवून ओतायचं. हे पाणी मी खाली पसरलेल्या टॉवेलावर सांडत असताना आईचा व्हिडिओ कॉल आला. एवढं पितळ एकत्र पाहून ती आधी हरखलीच. चिंच लावून घासलं तर लखलखेल, हे तिचं पहिलं मत. मग तिने विचारलं, 'विकत घेतलंस?'

'नाही गं, विद्यापीठाचं आहे. दर वर्षी वेगळा विद्यार्थी वाजवतो.'

'तोंडाने?'

मी सांगितलं की तोंडाशी धरायचं माउथपीस माझं स्वतःचं आहे. 'म्हणजे पेला तुझा आणि हंडा गावाचा,' आई म्हणाली. मी विज्ञानावर आलो: ही थुंकी नव्हे, श्वासातली वाफ गार पितळेला लागते आणि तिचं पाणी होतं. 'वाफ कुठून आली?' आतून. 'कोणाच्या आतून?' आता माझ्या; गेल्या वर्षी आणखी कोणाच्या तरी. आईने कपाळाला हात लावला. घाईघाईने मी मास्तरांचे नियम सांगितले: वाजवण्याआधी दात घासायचे, काही गोड खाऊन फुंकायचं नाही, नाहीतर साखर नळीत बसते. अधूनमधून सगळं वाद्य सुटं करून कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने आंघोळ घालायची, कढत पाणी घेतलं तर वरचं लाखेचं पॉलिश जातं. हे ऐकून ती निवळली. 'म्हणजे तुझे मास्तर सोवळ्यातले आहेत,' ती म्हणाली, आणि तिने निकाल दिला: पितळेला विटाळ नसतो, घासलं की शुद्ध, पण आंघोळ मला न चुकता कळवायची. त्यानंतर दर वेळी ती माझ्याआधी ट्यूबाची चौकशी करते. एकदा तिचा बुधवारचा उपवास होता, तेव्हा आज तो फुंकू नकोस म्हणाली. उपवास तिचा, वाद्य अमेरिकेत, आणि उष्टं तिसऱ्याचंच. फोन ठेवता ठेवता म्हणाली, 'त्यापेक्षा बासरी घ्यायचीस. कृष्णाची निदान स्वतःची होती.'

वाजवण्याचं म्हणाल तर ते कमीच असतं. द्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिम्फनीत ट्यूबाला फक्त दुसऱ्या भागात काम, तेही मोजून चौदा सूर. बाकी वेळ मांडीवर धूड घेऊन रिकाम्या मात्रा मोजायच्या. संगीत नाटकातला भालदार बरा, तो निदान आत आल्या आल्या ललकारी तरी ठोकतो. रॅल्फ वॉन विल्यम्स यांनी १९५४ साली ट्यूबासाठी खास कॉन्चेर्टो लिहिला, तेव्हा ते ८१ वर्षांचे होते.

सत्राच्या शेवटी परीक्षा असते, तिला ज्युरी म्हणतात. टेबलापलीकडे तीन प्राध्यापक. पोशाखाचा प्रभाव पडावा म्हणून मी सिल्कचा झब्बा घालून गेलो. ट्यूबा मांडीवर घेतला आणि झब्बा दिसेनासा झाला, मीही. तिघांनीही शेऱ्यात एकच गोष्ट लिहिली: आणखी हवा.

ही कीर्ती मराठी मंडळात पोहोचली. एक जण पाठीवर थाप मारून म्हणाला, 'म्हणजे शेवटी बँडवाला झालास की रे!' मोठा हशा झाला. विनोदाला मी सहसा हसतो, या वेळी हसू आलं नाही. इथे पोरं ज्या युफोनियमवर पदवी घेतात ते आपल्या वरातींच्या बँडमध्ये वर्षानुवर्षं वाजतंय; वाजवणाऱ्याचं नाव कोणी विचारलेलं मला आठवत नाही. मे महिन्याचं ऊन, अंगात दुसऱ्याच्या मापाचा, सोनेरी फीत लावलेला लाल कोट, मागून घोडा, पुढे नाचणारे मामे आणि कानाशी 'वाजव, वाजव'. आमच्या गल्लीतली पोरं मुद्दाम त्या माणसासमोर जाऊन चिंच चोखायची. त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, फुंक फसायची, सूर फाटायचा, आणि मोठी माणसं पोट धरून हसायची. पोराच्या हातातली चिंच काढून घेणारा एकही काका मी पाहिला नाही. आता गार हवेच्या खोलीत, खुर्चीवर बसून, समोर 'छान, छान' म्हणणारे मास्तर असताना अर्ध्या तासात माझे ओठ सुजतात. तो माणूस चालत होता. कोसभर चालून, वाजवून कार्यालयाच्या दाराशी पोहोचल्यावर त्याला पान मिळायचं ते शेवटच्या पंगतीत, जिलबी संपल्यावर.

परवा मंडळाच्या चिटणीसबाईंचा फोन आला. 'अहो, तुमच्याकडे ते मोठं वाद्य आहे ना? यंदा गणपतीच्या मिरवणुकीत पार्किंग लॉटमधून जरा वाजवत चला की. तेवढीच रंगत.' मी दोन अटी घातल्या. वाजवणाऱ्याला पहिल्या पंगतीत पान, आणि मिरवणुकीत कोणाच्याही हातात चिंच नको. दुसरी अट बाईंनी जागीच मान्य केली; इथल्या पोरांना चिंच बाटलीतून येते एवढंच ठाऊक आहे. पहिली अट कार्यकारिणीपुढे ठेवावी लागेल म्हणाल्या, कारण पहिली पंगत देणगीदारांची असते.