गुडघ्यावरचं वारं

आम्ही तिघं निघालो तरी गाडीत मतं चार असतात, कारण मावशीची एकटीची दोन असतात. मे महिन्यात पुण्याहून चिपळूणला लग्नाला निघताना तिचं पहिलं मत पडलं, ‘एसी लावू नका, मला सोसत नाही.’ कात्रजचा बोगदा संपतोय तोवर दुसरं आलं, ‘लावलायच तर वारं तोंडाला लागू दे. गुडघ्याला कशाला?’

दुसरं मत रास्त होतं. आमची गाडी २००९ची. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत तपासून घेऊन, पर्यावरण कर भरून तिला पाच वर्षांची मुदतवाढ मिळवलेली. इंजिन ठणठणीत आहे. खचली होती ती डॅशबोर्डातली एसीची मधली जाळी, डावीकडची. मेहुण्याने दिवाळीला मोबाईल होल्डर दिला होता, जाळीच्या पट्टीलाच चिमट्याने लावायचा. पट्टी जेमतेम दोन मिलिमीटर जाड, तिला जवळजवळ पाव किलोचं ओझं लटकवलेलं आणि खाली पुण्याचे रस्ते. पट्टी शाबूत राहिली, तिच्या टोकाची खुंटी गेली. या सगळ्या खुंट्या मागच्या एका बारीक दांडीत अडकवलेल्या असतात, म्हणून एक पट्टी हलवली की बाकीच्या मुकाट हलतात. दांडी सुटली की प्रत्येक पट्टी स्वतंत्र होते आणि स्वतंत्र झाल्यावर मान खाली घालून बसते. वारं मग थेट पुढच्या सीटवरच्या गुडघ्यांवर. पुढची सीट अर्थात मावशीची, आणि गुडघे संधिवाताचे.

मेहुण्याचं नाव काढायची सोय नव्हती. मागच्या सीटवर त्याची सख्खी बहीण बसली होती. तेव्हा सगळा दोष मी प्लास्टिकवर ढकलला. तो अगदीच खोटा नव्हता. डॅशबोर्डात वापरतात त्या एबीएस प्लास्टिकमध्ये रबराचा अंश असतो, म्हणून ते धक्के सोसतं. पण उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत सहज तापतो. वर्षानुवर्षं असं ऊन खाल्लं की रबराचा अंश निकामी होतो, मग प्लास्टिक लवायचं सोडून मोडतं. हे मी शिरवळपर्यंत सविस्तर सांगितलं. मावशी म्हणाली, ‘गुडघ्यांचंही तेच होतं रे.’

जाळी बदलायचे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, जाळी सुटी येत नाही, अख्खं पॅनेल घ्या. बरं, घेतो म्हटलं, तर पॅनेल यायचं बंद झालेलं. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे ढिगातून हुडकून एक जाळी मिळाली, ती उजवीकडची.

खंबाटकीच्या चढाला एसी बंद केला. कॉम्प्रेसर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. या वयात गाडीला चढ आणि गारवा एकदम झेपत नाहीत. मावशीच्या गुडघ्यांना तेवढाच विसावा.

उंब्रजला हायवे सोडायच्या आधी चहाला थांबलो. टपरीला लागूनच गॅरेज होतं. तिथला पोरगा आत डोकावून म्हणाला, ‘काका, दोन मिनिटांचं काम.’ आणि ते त्याने खरोखरच दोन मिनिटांत केलं. गाडीच्या कामात याच्याइतकं वाईट लक्षण नाही. झटपट चिकटणाऱ्या डिंकाची अख्खी नळी त्याने जाळीत रिकामी केली. पट्ट्या घट्ट बसल्या, माना खाली घातलेल्या होत्या तशाच. त्या डिंकाची वाफ काळ्या प्लास्टिकवर बसून पांढरे डाग पडले ते वेगळेच. ‘आता हलत नाय,’ तो म्हणाला. पैसे किती विचारल्यावर ‘द्या काय द्यायचे ते’ म्हणाला. यापेक्षा महाग दर मी आजवर ऐकलेला नाही.

पाटण गेलं, कोयनानगर गेलं. कुंभार्ली घाट उतरताना मावशीने आहेराची शाल पिशवीतून काढून गुडघ्यांवर घेतली. बायको आरशातून माझ्याकडे बघत होती.

चिपळूणला माझी मामेबहीण दातांची डॉक्टर आहे. तिने गाडीत डोकं घालून नुसतं ‘हं’ केलं आणि म्हणाली, ‘दादा, काढून आण आत.’ भर उन्हातच काढली. तापलेलं प्लास्टिक जरा ऐकतं, गारठ्यात क्लिपा मोडतात. स्क्रू ड्रायव्हरने ओरखडे उठतात म्हणून तिने जीभ दाबायची लाकडी पट्टी दिली. कडेने सारत गेलो, टक्‌, टक्‌, जाळी हातात.

दवाखान्यात एक आजोबा कवळीसाठी बसले होते. ट्रेमधली जाळी पाहून म्हणाले, ‘डॉक्टर, कवळी आधी माझी का गाडीची?’

‘तुमचं माप सुकतंय, आजोबा.’

मग ते उठून खुर्चीशीच येऊन उभे राहिले.

दातांवरचं कीटण खरवडायच्या आकडीने तिने उंब्रजचा डिंक काढला. मी ॲसिटोन सुचवलं. ‘त्याने पट्टीच विरघळेल,’ ती म्हणाली; आजोबांनीही माझ्याकडे दयेने पाहिलं. दाढ कोरायच्या बारीक ड्रिलने पट्टीच्या टोकात भोक पाडलं. त्यात दात सरळ करायच्या स्टीलच्या तारेचा तुकडा बसवला, ०.८ मिलिमीटरचा. तारेला तिने किंचित बाक दिला, म्हणजे पट्टी ठेवू तिथे थांबते, घसरत नाही. मग कवळी जोडायची पावडर आणि तिचा तो उग्र वासाचा द्रव कालवून तार पक्की केली. पलीकडे दांडीच्या भोकात आधी व्हॅसलीन लावलं, नाहीतर नवी खुंटी तिथेच चिकटून पुन्हा उंब्रज झालं असतं. आळता आळता तो लगदा कोमट होतो. आजोबांनी बोट लावून खात्री करून घेतली.

काळ्या जाळीच्या कोपऱ्यात आता गुलाबी हिरडी दिसते. दुसरा रंग दवाखान्यात नव्हता.

बहीण म्हणाली, ‘एक दिवस जोर देऊ नका. आणि होल्डर पुन्हा लावायचा नाही.’ बायको भिंतीवरचा दातांचा तक्ता लक्षपूर्वक वाचू लागली.

लग्न उरकून परत निघालो. घाट चढून वर आल्यावर एसी लावला. पट्ट्या झोकात वर पाहत होत्या, वारं मावशीच्या तोंडावर जात होतं, आणि वाऱ्याबरोबर त्या द्रवाचा वासही. मावशी तेव्हा वधूपक्षाच्या आमरसावर बोलत होती. बोलता बोलता थांबली. दोनदा हुंगलं, आणि पदर गालाला लावून म्हणाली, ‘अरे, माझी दाढ ठणकायला लागली.’ त्यानंतर कोयनानगरपासून पाटणपर्यंत तिने तोंड उघडलं नाही.

पाटण सोडल्यावर मागून बायकोचा हळू आवाज आला, ‘अहो, ब्लोअर चारवर करा.’