टक्क्यांतलं पाणी

परभणी जिल्ह्यात बोट क्लब नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या आम्हा लोकांना एवढी एक उणीव मान्य करावीच लागते. नद्या नाहीत असं नव्हे. गोदावरी आहे, पूर्णा आहे, दुधना आहे. पण वल्ही मारायची तर नदीत पाणी बारा महिने हवं, आणि त्या बाबतीत आमच्या नद्या जरा स्वतंत्र वृत्तीच्या. एप्रिल-मेमध्ये पात्रात होडीपेक्षा ट्रॅक्टर बरा चालतो. चालतोही. (वाळूचा विषय इथे नको.)

त्यामुळे नदीकाठी बसून स्पॉटवर लँडस्केप शिकायचं म्हटल्यावर पुणं गाठणं आलं. पुण्याकडे बोट क्लबसुद्धा जुने. मुळा-मुठेकाठचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा. साहेबाला संध्याकाळी पाण्यावर मन रमवायला जागा हवी होती. पुढे इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनीही वल्ही हातात घेतली. त्यांचा ‘रिगाटा’ १९२८ पासून होतो आहे. नदीत होड्यांची शिस्तशीर रचना आणि काठावर टाळ्या वाजवणारं अख्खं पुणं. आमच्याकडे त्या सुमारास निजामाचा अंमल होता आणि पोहायला विहीर होती.

तर तिथल्या लँडस्केपच्या वर्गात, नदीकाठी, सकाळच्या कोवळ्या उन्हात आम्ही बसलो. घडीची स्टुलं, टोप्या, पाण्याचे डबे. बरोबरची मंडळी बहुतेक निवृत्त; त्यांचे ब्रश माझ्या पगारापेक्षा वरच्या दर्जाचे. सरांनी कागद तिरका धरायला सांगितला, पातळ रंगाचा वॉश वरून खाली एका दमात सोडायला सांगितला, आणि मग म्हणाले, “पाणी रंगवू नका. पाण्यात जे दिसतं ते रंगवा. उजळ वस्तूचं प्रतिबिंब किंचित गडद येतं, गडद वस्तूचं किंचित फिकं. एवढं साधलं की पाणी आपोआप दिसतं.”

सगळे माना खाली घालून कामाला लागले. मी नदीकडे बघत राहिलो. मला प्रतिबिंब दिसेना. मला दिसत होतं ते हे, की एवढं पाणी इथे नुसतं उभं आहे! हे कुठून आलं? खडकवासल्यातून सोडलंय का? किती क्युसेक? बंधाऱ्याची दारं कोण उघडतं? शेजारच्या काकू जलपर्णीचा हिरवा पट्टा इतक्या मायेने रंगवत होत्या, की जणू ती नदीवर पसरलेली हिरवळच. माझा कागद कोराच.

आमच्याकडे पाणी रंगात नसतं, टक्क्यांत असतं. ऑगस्ट लागला की पेपर आल्या आल्या धरणसाठ्याचा चौकोन आधी वाचायचा, निधनवार्ता नंतर. जायकवाडी किती, येलदरी किती, सिद्धेश्वर किती. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, परभणीच्या शेतांची भिस्त त्याच्यावर. पण तो पैठणहून निघतो, म्हणजे पाऊस नाशिककडे पडला तर आम्ही इथे कोरड्या आभाळाखाली पेढे वाटतो. चौथीतलं पोरसुद्धा ‘मृतसाठा’ हा शब्द बिनचूक लिहितं. अशा डोळ्यांना तुम्ही सांगणार, पाण्यात झाडाची सावली बघा!

साहेबांच्या देशांत हे जमलं त्याला कारणं आहेत. १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने रंगाची पत्र्याची ट्यूब काढली आणि स्टुडिओतली मंडळी बाहेर पडू शकली. बाहेर पडून गेली कुठे, तर नदीवर. मोनेने होडीतच स्टुडिओ थाटला. मानेने १८७४ मध्ये तो तसाच रंगवून ठेवला आहे. रेन्वाचं बोटवाल्यांच्या जेवणाचं चित्र तर जगभर गाजलं. त्यात बाटल्या आहेत, द्राक्षं आहेत, कुत्र्याचं पिल्लू आहे. वल्हवताना मात्र जवळ कोणी नाही. सेन नदी मागे झुडपांआडून डोकावते. जेवण पुढे, नदी मागे: हाच बोट क्लबचा खरा आत्मा असावा. आमच्याही वर्गात पहिल्या तासानंतर उत्तम सँडविच आली आणि चित्रं मागे पडली.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांची गोष्ट मला मात्र जास्त लागते. आयुष्यभर त्यांनी तळी, झाडी, पहाट-संध्याकाळ जीव लावून रंगवली. आश्रयदाते शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, तेव्हा आबालालांनी त्या दुःखात आपली चित्रं तळ्यात सोडून दिली असं सांगतात. पाण्याची चित्रं पाण्याला. हेही कोल्हापूरलाच जमावं. आमच्याकडे एखाद्याने दुःखाच्या भरात चित्रं घेऊन धाव घेतली असती, तर गुडघाभर चिखलातून परत यावं लागलं असतं, आणि दुःखही ओसरलं असतं.

तरी कोरड्या मुलखाला वल्ही वर्ज्य आहेत असं समजू नये. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. वडिलांबरोबर विहिरी खोदणारं पोरगं. फौजेत गेलं, पुण्यात पहिल्यांदा वल्ही हातात धरली, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला एकेरीत तेरावं आलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. दोन्ही बातम्या मी एकाच वर्षी वाचल्या. कोणती जास्त अविश्वसनीय, ते अजून ठरवता आलेलं नाही.

पुण्याहून आल्यावर आम्ही चारदोन हौशी लोकांनी गंगाखेडला घाटावर बसायला सुरुवात केली. इथे अडचणी निराळ्या. फेब्रुवारी सरला की वॉश कागदावर टेकता टेकता सुकतो. ओल्यात ओला रंग सोडायची सरांची युक्ती परभणीच्या उन्हाला मंजूर नाही. शिवाय तीन पायांचं ईझल उभं केलं की माणसं जमतात ती चित्र बघायला नव्हे. “मोजणीवाले आलेत का?” पहिला प्रश्न. “शक्तिपीठ महामार्ग इकडून जायलाय का?” दुसरा. नाही म्हटलं तर विश्वास बसत नाही. एकाने तर आपला गट नंबर सांगून, तेवढा वगळा, अशी विनंती केली. चित्र काढतोय हे पटल्यावर त्याचा चेहरा इतका उतरला की मलाच अपराधी वाटलं. एवढा वेळ उन्हात बसून नुसतं चित्र!

पण घाटावरच मला सरांचं म्हणणं हळूहळू कळू लागलं. पात्रात मधोमध उरलेल्या डोहात घाटाच्या पायऱ्या उतरतात, देवळाचा शेंडा उलटा उभा राहतो, आणि थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेला भोई जाळं ओढतो तेव्हा तो शेंडा मोडतो नि पुन्हा जुळतो. तो मोडताना पकडायचा, तर डोह जरा मोठा घ्यावा लागतो. मी घेतला. निळा सढळ हाताने सोडला. इतका, की गोदावरी या काठापासून त्या काठापर्यंत भरली.

मागे एक आजीबाई कधीच्या उभ्या होत्या. बाजूच्या खेड्यातल्या, गंगेवर आल्या होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “भाऊ, एवढं पाणी नका दाखवू. तहसीलात कोणी पाह्यलं तर आमचं टँकर बंद करतील.”