किरकोळ राहिलंय

‘इंजिन तर बसलंय. आता किरकोळ राहिलंय.’ हे वाक्य एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याच उत्साहाने म्हणू शकतो, तो माणूस इंजिनबदलू समजावा. कोल्हापूर भागात ही जमात चांगली पिकते. कारणं साधी आहेत. शिवाजी उद्यमनगरात लेथ आहेत, वेल्डिंग आहे, सांगाल तो ब्रॅकेट चहा संपायच्या आत करून देणारे हात आहेत. आणि शेतात ऊस आहे, म्हणजे कधी ना कधी बिल जमा होणार आहे. कसब आणि पैसा एकाच गावात भेटले की एका गाडीत दुसरीचं इंजिन घालावंसं वाटणारच.

आमच्या गल्लीतला नमुना म्हणजे अण्णा. वय पन्नाशीपुढचं, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, आणि खिशाजवळ ग्रीसचा एक डाग. तो दर धुण्यातून इतका सहीसलामत बाहेर येतो की मुद्दाम राखलाय अशी शंका यावी. दाराशी जिप्सी, अगदी पहिल्या पिढीतली. मारुतीने ती १९८५ मध्ये आणली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं कार्बोरेटरवालं इंजिन होतं, ताकद ४५ घोड्यांच्या आसपास. गावात ठीक. पण आंबा घाट चढताना मागून एस.टी. हॉर्न देते, आणि एस.टी.ने आपल्याला हॉर्न द्यावा हे अण्णांच्या घराण्याला सोसणारं नव्हतं. त्यांनी भंगारबाजारातून एस्टीमचं इंजिन आणलं. १३०० सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारं), ८५ घोडे. ‘मारुतीचंच हाय की! बोल्ट टू बोल्ट बसतंय.’ चेनपुलीवरून ते खाली उतरलं तेव्हा अण्णांनी नारळ फोडला आणि गल्लीत पेढे वाटले. नातू झाला तेव्हा बर्फी होती. वहिनी अजून हा फरक विसरलेल्या नाहीत.

इंजिनबदलूचा स्वभाव कळायचा असेल तर तो पैसे कुठे घालतो ते बघावं. इंजिनाला सढळ हात, व्हॉल्व्ह कव्हरला खास रंग, एअर फिल्टर तर असा की आलेल्या पाहुण्याने विचारलंच पाहिजे. आणि टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणाऱ्या पाइपाला? ‘हाय त्योच चालतंय की.’ बॉनेट उघडून इंजिन दाखवता येतं. टाकीखाली वाकून बघायला अजून कुठला पाहुणा आलेला नाही.

पहिली शंका काढली मिस्त्रींनी. ‘अण्णा, पैलवान आणलासा, पर खुराकाचं काय?’ प्रश्न रास्त होता. जुन्या इंजिनाचा पंप इंजिनालाच चिकटलेला. कॅमशाफ्टने दांडी हलवायची, आतल्या पडद्याने पेट्रोल ओढायचं आणि तीन-चार पीएसआयच्या दाबाने कार्बोरेटरच्या वाटीत सोडायचं. वाटी भरली की फ्लोट वर येऊन वाट बंद. सगळा कारभार घरगुती. एमपीएफआयला मात्र इंजेक्टरच्या तोंडाशी चाळीस पीएसआयच्या आसपास दाब लागतो, म्हणजे जवळपास दहापट, आणि तोही सतत. जुना पंप जीव तोडून चालला तरी इंजेक्टरला त्याचा पत्ता लागणार नाही.

‘पेट्रोल ते पेट्रोल,’ अण्णा म्हणाले. ‘त्याला काय कळतंय कुणाच्या पोटात चाललंय?’

(पंपाचे लाड आपल्या लोकांना नवे नाहीत म्हणा. खंडाळ्याच्या घाटात प्रीमियर पद्मिनी तापून पंपातच पेट्रोलची वाफ धरायची, तेव्हा पंपावर ओलं फडकं टाकून चार माणसं रस्त्याकडेला उभी असायची. त्या पिढीला इंधनव्यवस्था म्हणजे काय ते फडक्यामुळे तरी माहीत होतं.)

शेवटी विजेचा पंप आला. तोही भंगारातला, स्वस्त मिळाला म्हणून आनंदाने आणलेला. अण्णांनी तो हाताला सोयीचा म्हणून टाकीच्या बराच वर, चॅसीला बांधला. असा पंप ढकलण्यात वाघ असतो, पण ओढण्यात कच्चा. म्हणून तर कंपन्या तो टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवतात. पेट्रोल आपोआप पुढ्यात येतं आणि पंप थंडही राहतो. अण्णांचा पंप मलकापूरपर्यंत इतक्या जोरात घोंगावत गेला की गाडीत बोलणंच बंद झालं. मलकापुरात तो गप्प झाला आणि बोलणं सुरू झालं. तो सगळा संवाद छापण्याजोगा नव्हता.

मग ठरलं, पंप टाकीतच बसवायचा. त्यासाठी टाकीला वरून भोक पाडून कडं वेल्ड करायचं. उद्यमनगरातल्या ज्या म्हाताऱ्या वेल्डरने आजवर अण्णांना कशालाच नाही म्हटलं नव्हतं, त्याने टाकी बघितली आणि गॅस बंद करून बाहेर येऊन बसला. ‘रिकामीच हाय,’ अण्णा म्हणाले. ‘म्हणून तर,’ म्हातारा म्हणाला. रिकाम्या टाकीत राहिलेली पेट्रोलची वाफ हवेत मिसळलेली असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच स्फोटाला जास्त तयार असते. टाकी गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, वाफेने काढली, पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरली, तेव्हा कुठे म्हाताऱ्याने काम हातात घेतलं. या सगळ्या कहाणीत मला पूर्ण आदर वाटला तो एकट्या त्या माणसाबद्दल.

आणि मग घाट आला. पेट्रोल पाव टाकी, पुढे आंब्याचं वळण. वळणावर पेट्रोल एका बाजूला पळालं, पंपाने क्षणभर हवा ओढली आणि ८५ घोडे एकदम बसले. कार्बोरेटरच्या वाटीत चार घोट शिल्लक असायचे, त्यामुळे अशी क्षणाची उपासमार जुन्या इंजिनाला जाणवत नसे. इंजेक्शनला शिल्लक वगैरे काही नसते. त्यासाठी टाकीत पंपाभोवती छोटं भांडं लागतं, म्हणजे पेट्रोल पळालं तरी पंपापाशी थोडं अडून राहतं. अण्णांनी यावर स्वतःचा उपाय काढला: टाकी कायम अर्ध्याच्या वर ठेवायची. वळण संपेपर्यंत मागून एस.टी.ने दोनदा हॉर्न दिला होता, त्याचा उल्लेख आम्ही कुणी केला नाही.

पंप लागेल त्यापेक्षा जास्त पेट्रोल देतो, म्हणून उरलेलं परत टाकीत न्यायला पाइप हवा आणि दाब बेताचा ठेवायला रेग्युलेटर. हे दोन्ही मिस्त्रींनी अण्णांना न विचारता बसवलं, त्यामुळे ते नीट झालं.

राहिली रबरी नळी. साधी नळी कार्बोरेटरच्या दाबाला पुरते. चाळीस पीएसआयला खास इंजेक्शनची नळी घ्यावी लागते, आणि ती अर्थातच महाग. क्लिपही वेगळी: गोल, गुळगुळीत कडांची. पान्याने आवळायची नेहमीची खाचांची पट्टी नळीत रुतते आणि तिला हळूहळू कापते. या दाबाला गळती थेंबाथेंबाने होत नाही, फवारा उडतो, आणि फवाऱ्यासमोर तापलेला एक्झॉस्ट असतो. इंजिनाला मागितले तेवढे पैसे मोजणारे अण्णा त्या क्लिपसाठी दुकानदाराशी अर्धा तास घासाघीस करताना मी पाहिले आहेत. दुकानदार बधला नाही. माझ्या मते हा माणूस संपतो कुठे आणि त्याचा कंजूषपणा सुरू होतो कुठे, याची सीमारेषा त्या क्लिपवरूनच जाते.

त्यात आता इथेनॉल. २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांवर आलं. इथेनॉल ओलावा धरतं, जुन्या रबराला फुगवतं, भेगा पाडतं, टाकीत वर्षानुवर्षं साचलेला गंज सुटा करून फिल्टरकडे पाठवतं. जिप्सीचं फिल्टर चहापत्तीच्या रंगाचं निघालं तेव्हा अण्णांनी सरकारला चार शिव्या घातल्या. त्यांचा स्वतःचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथेही इथेनॉल होतं. म्हणजे शेतातून निघालेला माल कारखानामार्गे येऊन त्यांचीच नळी खात होता, आणि वर उसाचं बिल त्यांनाच मिळत होतं. हे वहिनींनी पोळ्या लाटता लाटता सांगितलं. अण्णा बाहेर टायरची हवा बघायला गेले.

आरसी बुकात इंजिन नंबर अजून जुनाच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाने बदल करू देत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आणि नोंद लागते. ‘कागदपत्रं ना?’ अण्णा म्हणतात. ‘किरकोळ.’

जिप्सी आता चालते. छान चालते, हे कबूल करायला हवं. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ती जी ओढ घेते, त्या वेळी अण्णांचं तोंड बघण्यासारखं असतं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच आणि ‘चला, आंब्याला चहा घेऊन येऊ’ असं म्हणेलच. जा, पण बसण्याआधी एक करा. त्याला इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवायला सांगा. मागे टाकीत पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबला पाहिजे. म्हणजे वायरिंग ईसीएममार्फत, इंजिनाच्या कॉम्प्युटरमार्फत, आहे आणि अपघातात इंजिन बंद पडलं तर पेट्रोलही बंद होईल. तो वाजतच राहिला, तर पंप थेट किल्लीला जोडलेला आहे. मग सरळ खाली उतरा. चहा कोल्हापुरातही चांगला मिळतो.