खाटेचाही सेल्फी हवा होता

३० मार्च २०२० रोजी कर्नाटक सरकारने फर्मान काढलं: करोनामुळे घरी विलगीकरणात असलेल्यांनी ॲपवरून दर तासाला सेल्फी पाठवायचा. रात्री दहा ते सकाळी सात सूट. (विषाणूही बहुधा त्याच वेळेत झोपत असावा.) फोटोसोबत तुमचं ठिकाणही आपसूक सरकारदरबारी हजर. कुचराई केलीत तर उचलून सरकारी विलगीकरणात. त्याआधीच बेंगळुरूतल्या हजारो विलगितांचे घरचे पत्ते सरकारनेच चव्हाट्यावर मांडले होते, त्यामुळे शेजाऱ्यांचीही आयती सोय झाली.

केंद्र सरकारच्या 'आरोग्य सेतू' या करोना ॲपने गोळा केलेली माहिती कुठे जाणार, हे तरी कोण विचारतो? शेवटी जानेवारी २०२१मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाला बजावावं लागलं की, माणसाची जाणती संमती नसेल तर ती पुढे वाटू नका.

एवढी नजर ठेवूनही एप्रिल २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत, रुग्णालयात रिकामी खाट कुठे आहे, हे नातेवाइकांनाच रात्र-रात्र फोन फिरवून शोधावं लागलं. दर तासाचा सेल्फी खरं तर खाटांना आणि ऑक्सिजनच्या टाक्यांना सक्तीचा करायला हवा होता. तोही दहा ते सातची सूट न देता.