गोडनिंब ताणावर आहे

नेपरव्हिल, शिकागोजवळ
मार्चअखेर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,


पत्रास कारण की, परवा व्हिडिओ कॉलवर आईनं विचारलं, "काऊन रे, ते झाड जगलं का गेलं?" आणि मी तोंड उघडायच्या आत फोनची बॅटरी गेली. तेवढ्यावरून आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं सुरू झाली. बडनेऱ्याच्या आत्यानं तर "भावपूर्ण" एवढं लिहून पुढचं वाचणाऱ्यांवर सोडलं. म्हणून हे सविस्तर पत्र. गोडनिंब हयात आहे. श्रद्धांजल्या परत घ्याव्यात.

आता आजाराची हकिकत. तुमच्याकडे गोडनिंब म्हणजे मोरीच्या पाण्यावर वाढणारं, कोणी खतपाणी न विचारलेलं झाड. शेजारीण फांदी मोडून नेते तीच त्याची छाटणी. इथं तेच झाड कुंडीत राहतं, उन्हाळाभर मागच्या अंगणात मजा करतं आणि ऑक्टोबरात घरात येतं. घरात आलं की हाल सुरू. बाहेर उणे वीस, आत हीटरची कोरडी हवा, आणि डिसेंबरात साडेचार वाजता दिवस बुडतो. 2019 च्या जानेवारीत इथलं तापमान उणे 30 च्याही खाली गेलं होतं. अकोल्याच्या मे महिन्याशी तुलना केली तर पाऊणशे अंशांचा फरक. त्यात पारा पंधरा अंशांच्या खाली उतरला की गोडनिंब वाढ थांबवून झोपी जातो. आमचा तर काचेला टेकून उभा होता. नाताळापर्यंत पानं पिवळी झाली, जानेवारीत गळाली, आणि कुंडीत एक काडी उरली.

काडीसाठी एवढा जीव का टाकता, असं तुम्ही विचाराल. शिकागोतल्या डिव्हॉन अव्हेन्यूच्या एका तुकड्याला गांधी मार्ग असं नाव आहे. तिथल्या किराणा दुकानात गोडनिंबाचा पाला मिळतो, पण भाव अगदी सावकारी. आणि गोडनिंबाशिवाय कढीगोळे केले की तुमची सून पहिला घास घेऊन नुसती माझ्याकडे बघते. त्यापेक्षा झाड वाचवणं सोपं.

मग उपाय आले. आईचं आंबट ताक आलं. आत्यानं "त्याले कोणाची तरी नजर लागली" म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळायला लावल्या. वलगावच्या काकांनी गंजलेले खिळे पुरायला सांगितले, मावशीनं चहाचा चोथा, आणि कोणा भाऊजींनी चिमूटभर युरिया. शिवाय घरातलं प्रत्येक माणूस जाता-येता मायेनं पेलाभर पाणी घालत होतं ते वेगळंच. पंधरवड्यात कुंडीला ताकाचा वास, वासाला चिलटं, आणि चिलटांना आमची लेक असा संसार उभा राहिला. तिनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात चिलटांवरच तक्ता केला. बक्षीस मिळालं, झाडाला नाही.

शेवटी प्रकरण व्हिडिओ कॉलवरून अकोल्याला गेलं. आमचे मामाजी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेत हे तुम्हाला ठाऊक आहेच, आणि ते तुम्हाला का खटकतं हेही मला ठाऊक आहे. भाऊसाहेब, म्हणजे पंजाबराव, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, देशाचे कृषिमंत्री झाले 1952 साली, शिवाजी शिक्षण संस्था उभारली अमरावतीत, आणि 1969 साली त्यांच्या नावाचं विद्यापीठ निघालं ते अकोल्यात! ही सल घेऊनच तुम्ही त्या कॉलवर बसला होता. पण ऐका तरी.

मामाजी म्हणाले, "आधी निदान, मग औषध. खोड नखानं खरवडा." खरवडलं. वरची तपकिरी साल निघाली आणि आत ओला हिरवा पापुद्रा दिसला. जिवंत! मग वर्तमानपत्र पसरून कुंडी उपडी केली. मुळं सुटली तशी कुजका वास आला. निम्मी मुळं काळी, चिमटीत धरली की साल निघून हातात येत होती. मधली मात्र पांढरट आणि टणक. काळी सगळी स्वच्छ कात्रीनं काढली. खोडावर तपकिरी टिकल्या चिकटल्या होत्या, त्या खवले किडीच्या निघाल्या. साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून एकेक पुसून काढल्या. जुनी ताकाळ माती गेली, पाण्याचा निचरा होईल अशी भुसभुशीत माती आली, आणि कुंडी काचेपासून हात-दोन हात आत सरकली. वर एक दिवा टांगला, दिवसाचे बारा तास. वीजबिल तुम्हाला सांगत नाही.

आणि पाणी? मामाजी म्हणाले, "माती दोन बोटं कोरडी झाल्याशिवाय थेंबही नाही." त्यावर तुम्ही तिकडून गरजलात, "हेच तर मी म्हणून राह्यलो! त्याले ताणावर सोड!" पुढचा तासभर कॉलवर मी नव्हतोच. संत्र्याच्या अंबिया बहाराचा ताण भारी जमिनीत किती, हलक्या जमिनीत किती, कुंडीतल्या मातीला जमीन म्हणायचं का, यावर अमरावती आणि अकोला यांची जुंपली. लेकीनं विचारलं, "आजोबा भांडताहेत का?" मी म्हटलं, "नाही गं, एकमत झालंय."

बाबा, तुमचा मुद्दा मात्र मला तेव्हाच पटला. गोडनिंब संत्र्याचाच भाऊबंद. डिसेंबरात आपल्या वरूडच्या संत्र्याच्या बागेचं पाणी तोडलं की मला लहानपणी कसंतरी व्हायचं. झाडं मलूल दिसायची, पानं गळायची, आणि तुम्ही मजेत बांधावर बसलेले असायचे. जानेवारीत हिशेबानं पाणी सोडलं की फुलांनी बाग भरायची. झाडाला विसरणं वेगळं आणि ताण देणं वेगळं. ताण देणारा माणूस रोज बागेत जातो, पानं बघतो, फक्त हात आवरतो. आमच्या घरात हात आवरणारं कोणी नव्हतं, आणि व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नाही. तेव्हापासून कुंडीला लेकीनं पाटी लावली आहे: "गोडनिंब ताणावर आहे. पाणी घालू नये." पाहुणे वाचून आम्हालाच विचारतात, सगळं ठीक आहे ना?

तुम्ही विचारलं होतं, एवढी दगदग करण्यापेक्षा कॅलिफोर्नियातून दुसरं रोप का मागवत नाही. आपण वरूडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतो, पण खऱ्या कॅलिफोर्नियातून गोडनिंबाचं रोप वाटेल तसं बाहेर नेता येत नाही. कारण तुमचा जुना वैरी, सिला. ती कीड गोडनिंबावर आनंदानं राहते आणि तिथून संत्र्यावर जाते. ती पसरवते त्या ग्रीनिंग रोगाचं फ्लोरिडात 2005 साली निदान झालं. 2003-04 च्या हंगामात तिथं 24 कोटी पेट्या संत्री निघाली होती. आता दोन कोटीसुद्धा भरत नाहीत. आपल्या फोडणीतल्या पानावर इथं सरकारी पहारा आहे तो एवढ्यासाठी. संत्रेवाल्याच्या मुलानं तरी तो मोडू नये.

तर ताजी खबर. गेल्या आठवड्यात काडीच्या बेचक्यात मुगाच्या दाण्याएवढा पोपटी डोळा दिसला. आता त्याची दोन इवलीशी पानं झालीत; चुरगळून वास घ्यायला घरात बंदी आहे. तुमच्या सुनेनं कढीगोळ्यांचा बेत दिवाळीवर टाकलाय. शेंडा मोडून फांद्या फुटू द्यायच्या आणि मगच पाला तोडायचा, असा अकोल्याचा हुकूम आहे, आणि अमरावतीची त्याला हरकत नसावी.

जूनमध्ये तुम्ही येताय, तेव्हा झाड अंगणात असेल. येताना सांडगी मिरची आणा, वाळवलेले कुरडया-पापड आणा. गोडनिंबाचा पाला, बी, रोप मात्र आणू नका. आई, तू साडीच्या घडीत लपवशील म्हणून मुद्दाम लिहितो: विमानतळावर बीगल जातीची कुत्री सामान हुंगत फिरतात, आणि त्यांना मायेची भाषा कळत नाही.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार.

तुमचा,
थोरला

ता. क. ग्रुपवर "झाड जगलं" एवढंच टाका. उपाय कोणी सुचवू नयेत, ही नम्र विनंती.