हात मांडीखाली

१९३८ साली प्रकृती खालावलेले विनोबा पवनारला, जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. येताना धाम नदीचा पूल ओलांडता ओलांडता त्यांनी मनातले सारे विचार सोडून दिले, असं सांगतात. आमच्या कचेरीतली मंडळीही त्या पुलावर सगळं सोडून देतात. फरक इतकाच, की ती वर्ध्याहून संगणकाचं प्रशिक्षण घेऊन परतत असतात.

या प्रशिक्षणांत मी मांडवाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. आधी शिकायला, मग चार गोष्टी येतात म्हणून शिकवायला. २००१ साली एमएस-सीआयटी आली, पुढं तिची गाठ सरकारी नोकरांच्या वेतनवाढीशी बांधली गेली आणि पन्नाशीतली माणसं परीक्षेच्या आदल्या रात्री पोरांकडून प्रश्न सोडवून घेऊ लागली. वेतनवाढ वाचली. माउसची भीती मात्र जिथल्या तिथं.

पहिला प्रकार वर्गाचा. हॉल, पडदा, माणसं तीस, संगणक दहा. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याच्या तोंडात सूचना, तिसऱ्याच्या डोळ्यांत जेवणानंतरची झोप. माउस ज्याच्या हाती पडतो त्याला बहुधा आधीच सगळं येत असतं. तरी वर्गाला मी नावं ठेवणार नाही. आपल्यासारखे आणखी एकोणतीस जण घाबरलेले दिसले की माणसाला केवढा धीर येतो!

दुसरा प्रकार व्हिडिओचा. शिकवणारा दमत नाही, चिडत नाही, दहादा विचारलं तरी 'मघाशीच सांगितलं ना' म्हणत नाही. अडचण एकच. आपण चहाला गेलो तरी तो शिकवतच राहतो. आमच्याकडं एकानं असा अख्खा अभ्यासक्रम टपरीवर बसून पूर्ण केला. प्रमाणपत्र आलं, रंगीत.

तिसरा प्रकार वहीचा, आणि त्यातले सम्राट म्हणजे आमचे मोठे बाबू. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, अक्षर मोत्यासारखं. 'डावीकडून तिसरे निळे चित्र दाबणे. थोडे थांबणे. पुन्हा दाबणे.' अशी चाळीस पानं त्यांनी उतरवली होती. मग एका सकाळी प्रणाली अद्ययावत झाली आणि तिसरं चित्र पाचवं होऊन हिरवं झालं. बाबूंनी वही मिटली. "आता मले नाही जमत जी," म्हणाले. घरी कोणी गेल्यासारखा चेहरा झाला होता.

मग मी रोज त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागलो. हाच तो चौथा प्रकार, आणि त्यात मी सपशेल नापास झालो. बाबू अडखळले, की माझा हात आपोआप माउसवर जाई. "असं करा, असं, असं... झालं!" काम होई, बाबू मान डोलावत, आणि दुसऱ्या दिवशी तिथंच पुन्हा गाडी अडे. पंधरा दिवसांत त्यांच्या टेबलावर बसून मीच तरबेज झालो.

त्या सुमारास एका संध्याकाळी धामच्या काठी, विनोबांनी १९५९ साली स्थापलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात गेलो होतो. एक वयस्क ताई एका मुलीला सूतकताई शिकवत होत्या. मुलीचा धागा सारखा तुटत होता. ताई पाहत होत्या, एखादा शब्द बोलत होत्या. हात मात्र स्वतःच्याच चरख्यावर. तुटलेला धागा जोडून द्यायला त्या एकदाही पुढं झाल्या नाहीत. माझेच हात शिवशिवत होते.

तिथून चार कोसांच्या आत हे सगळं कधीच ठरून गेलं होतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्यात विनोबाही होते. मूल हातानं काम करता करता शिकावं, हा नई तालीमचा गाभा. तो आम्ही मुलांपुरता मानला आणि मोठ्या बाबूंना हॉलमध्ये नेऊन पडद्यासमोर बसवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी हात मांडीखाली दाबून बसू लागलो. मुंग्या येत. बाबू चुकीचं बटन दाबत, मी ओठ चावत असे. प्रशिक्षणासाठीची खोटी उदाहरणंही बंद केली. त्या दिवशीचा खरा दाखला, समोर खरा माणूस ताटकळलेला. पहिल्या दाखल्याला पाऊण तास लागला. महिन्याभरानं आठ मिनिटं.

आता मला कोणी विचारलं, की प्रशिक्षण कसं द्यावं, तर मी आधी विचारतो, काम कोणतं? रोजचं असेल तर शेजारी बसा. वर्षातून एकदा मार्चमध्ये येणारं असेल तर कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. ते लक्षात ठेवायला कोणी ऋषी नाही. सगळंच नवं असेल तर आधी वर्ग भरवा, धीर येतो. आणि ज्याला चारचौघांत विचारायची लाज वाटते, त्याला रात्री घरी बघायला व्हिडिओ द्या.

बाबू निवृत्त व्हायच्या आठवड्यात पुन्हा प्रणाली बदलली. हिरवं चित्र पार गायबच झालं. मी सवयीनं खुर्ची ओढली, नकळत हात पुढं गेला. बाबूंनी पडद्यावरची नजर न काढता माउस आपल्याकडं सरकवला.

"बसा जी," म्हणाले, "पण हात मांडीखाली."