आबांची दुसरी नोकरी

ग्वाल्हेरच्या लष्करात, बाड्यापासून जनकगंजापर्यंत, कुठल्याही जुन्या मराठी घराचा जिना चढा. वर एक आबा भेटणारच. अंगात घरी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, कानांवर मफलर आणि मांडीवर नातू. निवृत्तीआधी ते एजी ऑफिसात असतात, म्हणजे महालेखाकारांच्या कार्यालयात. राजधानी भोपाळला असली, तरी राज्याचे हिशेब तपासणारं हे मोठं ऑफिस ग्वाल्हेरातच. त्यामुळे दुसऱ्याच्या कामातली चूक शोधणं हा इथल्या कित्येक मराठी घरांचा पिढीजात व्यवसाय. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे तळ ठोकला, त्या तळाबरोबर आपले पूर्वज आले, असं प्रत्येक आबा सांगतात. त्याचा दाखला मात्र कुणी मागत नाही. आक्षेप काढायचा अधिकार फक्त आबांचा.

घरात नातू जन्मला की आबा पुन्हा रुजू होतात.

सुनेने कुठेतरी वाचलेलं असतं. "आबा, नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं म्हणे." दुसरा कुणी अंदाजाने वाकला असता. आबांनी ऑफिसातली लाकडी फूटपट्टी काढली, स्वतःचं नाक आणि बाळाचं नाक यांतलं अंतर मोजलं आणि बारा इंचांवर चेहरा स्थिर करून बसले. बाळाने जांभई दिली. दीड महिन्याने ते ओठ पसरून हसलं, तेव्हा आजी म्हणाल्या, "पोटात वारा धरला असेल." आबांनी हा शेरा अमान्य केला आणि कालनिर्णयवर दुधाच्या नोंदीशेजारी लिहिलं: 'सकाळी ७.४०, स्मित, मजकडे पाहून.'

चौथ्या महिन्यात बाळ खळखळून हसायला लागलं. त्याला कारण आबांची शिंक. एकदा खरीखुरी आली, बाळ दचकलं, क्षणभर विचारात पडलं आणि असं हसलं की स्वयंपाकघरातून सगळे धावत आले. त्या दिवसापासून आबा शिंकतात. "आऽऽ..." असा आलाप लांबवायचा, भुवया वर न्यायच्या, मध्ये थांबायचं, बाळाचा श्वास अडकला की "छीऽऽ!" ख्यालाच्या घराण्याचं हे गाव, समेवर यायचं कधी, हे इथे न गाणाऱ्यालाही कळतं. समोरच्या गच्चीवरच्या चाचींनी काळजीने विचारलं, "भाईसाब, तबियत तो ठीक है?" आजींनी उत्तर दिलं, "ठीक है. ड्यूटी पे हैं."

इतर आजोबा गुडघ्यावर घोडा घोडा करतात. लष्करातल्या आबांच्या गुडघ्यावरून छोटी लाईन धावते. ग्वाल्हेर ते श्योपूर, दोन फूट रुंदीचे रूळ, जवळपास दोनशे किलोमीटर. रुंद रुळांच्या कामासाठी २०२० साली ती गाडी बंद पडली, पण आबांकडे तिचं वेळापत्रक अजून चालू आहे. बाळाला काखेत धरून मांड्या हलवत "घोसीपुराऽ... जौराऽ... कैलारसऽ... सबलगढऽ" अशी स्टेशनं येतात. ऑडिट पार्टीबरोबर त्या गाडीने ते इतके दौरे करून आले आहेत, की कुठे चढ लागतो आणि कुठे इंजिन दम खातं, हे गुडघ्यांना पाठ आहे. कैलारसला गाडी हटकून रेंगाळते. बाळ टाचा आपटून सिग्नल देतं. हादरे मात्र बेताचे. एकदा भेटायला आलेल्या भाच्याने बाळाला वर उडवून झेललं, तेव्हा आबा कडाडले, "अरे, मान केवढीशी त्याची! डोक्याला हिसका बसला तर?" त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला हा सर्वांत बिनतोड आक्षेप. भाच्याने बाळ तत्काळ जमा केलं.

जानेवारीत बोरनहाण. ग्वाल्हेरच्या धुक्यात काळं झबलं दोन स्वेटरांवर चढवावं लागतं आणि हलव्याचा मुकुट कानटोपीवर. डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि रेवड्या ओतल्या. गल्लीतल्या हिंदीभाषक पोरांना विधी ठाऊक नव्हता, पण लूट म्हणजे काय हे कुणालाच शिकवावं लागत नाही. उत्सवमूर्तीने एक चुरमुरा पकडून निरखला. बाकीचा स्टॉक आबा गोळा करत बसले.

आठव्या महिन्यात बुवा-कुक रंगात आलं. डोळ्यांआड गेलेली वस्तू असतेच, हे मुलांना साधारण याच वयात उमगू लागतं, असं झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने सांगून ठेवलं आहे. त्यापूर्वी पदराआड गेलेली आजी त्यांच्या लेखी संपलेलीच असते. आता बाळ आबांना शोधू लागलं, म्हणून आबा नीट लपू लागले. एके दुपारी ते देवघराच्या पडद्यामागे शिरले. सुनेने बाळाला दूध पाजायला नेलं, बाळ निजलं, सून निजली. पडदा अधूनमधून "बुवाऽऽ" म्हणत राहिला. अखेर चहाच्या वेळी आजींनी तो सारला आणि म्हणाल्या, "कुक. या बाहेर."

दहाव्या महिन्यात सत्तांतर झालं. बाळ उंच खुर्चीतून चमचा खाली टाकू लागलं. टाकायचा, वाकून बघायचं, मग आबांकडे बघायचं. आबांनी उचलून दिला की पुन्हा टाकायचा. चमचा दर वेळी खालीच जातो का, आवाज तोच येतो का, म्हातारा दर वेळी वाकतो का, अशी तिहेरी तपासणी चालू. आयुष्यभर दुसऱ्यांकडून खुलासे मागवलेला माणूस गुडघ्यावर हात ठेवून अनुपालन सादर करत होता, आणि तेही हसत.

वाढदिवसाला मुलगा पुण्याहून आला. नोकरीपायी तो तिकडे, बायको-मूल इकडे. वडील जमिनीवर पालथे पडून पलंगाखालचा चेंडू काढताहेत आणि नातू त्यांच्या पाठीवर थापा मारतोय, हे तो दारातच उभा राहून बघत होता. आजी त्याच्यामागे उभ्या.

"बाबा," मुलगा म्हणाला, "माझ्याशी खेळला होतात का हो कधी असं?"

आबांनी चेंडू काढला, चष्मा पुसला, थोडा वेळ घेतला. "त्या वेळी," ते म्हणाले, "हे पद मंजूर नव्हतं."

"पद मंजूर होतं," आजी म्हणाल्या. "माणूस श्योपूरला होता."